बेंथम वाचायला घेताना

एलएलबीच्या विधिशास्त्राच्या पेपरात, राज्यशास्त्राच्या बी.ए.ला किंवा स्पर्धा परीक्षेच्या नीतिशास्त्राच्या तयारीत इंग्लिश विचारवंत जेरेमी बेंथम आपल्याला भेटतो तो एका ओळीपुरता: ‘जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख’. तिच्याखाली दोन आक्षेप, मग जॉन स्टुअर्ट मिलने केलेली दुरुस्ती, आणि पान उलटले जाते. माझ्या मते बेंथमकडे जायला या ओळीइतकी वाईट वाट दुसरी नाही. ती पाठ झाली की बेंथम कळला असे वाटू लागते. मग जो माणूस जन्मभर प्रत्येक कायद्याला ‘याने कोणाला दुखते, किती दुखते आणि हे कशावरून म्हणता’ असे विचारत राहिला, तो हातातून निसटतो.

पुढच्या पायऱ्या अगदी नवख्या वाचकासाठी आहेत. तत्त्वज्ञानाची पूर्वतयारी लागणार नाही. एक वही लागेल, आणि जुनी लांबलचक इंग्रजी वाक्ये दोनदा वाचायची तयारी.

पहिली पायरी: तो कशावर चिडला होता ते पाहा

बेंथम १७४८ साली लंडनमध्ये एका वकिलाच्या घरी जन्मला. बाराव्या वर्षी त्याला ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात घातले. तिथे त्याने विल्यम ब्लॅकस्टोनची इंग्लंडच्या कायद्यावरची व्याख्याने ऐकली. ब्लॅकस्टोन हा त्या काळचा कायद्यातला सर्वांत मोठा अधिकारी. पण त्याच्या मांडणीचा सूर असा, की जे चालत आले आहे ते बहुतेक ठीकच आहे. त्या पोरसवदा विद्यार्थ्याला हेच पटेना. पुढे तो वकील झाला, पण वकिली त्याने जवळजवळ केलीच नाही. कायदा कसा चालतो हे आतून पाहिल्यावर तो चालवण्यापेक्षा दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. १७७६ साली त्याने नाव न घालता छापलेले पहिले महत्त्वाचे पुस्तक ब्लॅकस्टोनवरच्या टीकेचे आहे.

हा राग समजायला एकच उतारा पुरे. इंग्लंडमधला बराचसा कायदा तेव्हा कुठे एका जागी लिहिलेला नव्हता. न्यायाधीश निकाल देत आणि त्यातून कायदा घडत जाई. बेंथम म्हणतो, आपण कुत्र्यासाठी कायदे असेच करतो: त्याने नको ते करेपर्यंत थांबायचे आणि मग त्याला मारायचे, न्यायाधीश तुमच्या-माझ्यासाठी कायदा करतात तोही असाच. आधी सांगितले नाही आणि नंतर शिक्षा केली, यातला अन्याय त्याला सहन होत नसे. कायदा लिहिलेला हवा, एकत्र हवा, सामान्य माणसाला कळेल असा हवा आणि प्रत्येक कलमामागचे कारण सांगितलेले हवे, ही मागणी त्याने मरेपर्यंत सोडली नाही.

दुसरी पायरी: पुस्तक कोणते आणि त्यातली पाने कोणती

मुख्य ग्रंथाचे नाव ‘ॲन इंट्रोडक्शन टु द प्रिन्सिपल्स ऑफ मॉरल्स अँड लेजिस्लेशन’. १७८० साली छापून तयार होते, प्रसिद्ध झाले १७८९ साली. तो इंटरनेटवर फुकट मिळतो. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा प्रयत्न करू नका. नवे वाचक बहुधा सोळाव्या प्रकरणात अडकतात आणि पुस्तक मिटतात. ते गुन्ह्यांच्या वर्गीकरणाचे अवाढव्य प्रकरण आहे आणि पहिल्या वाचनात त्याची गरज नाही.

सुरुवात पहिल्या आणि दुसऱ्या प्रकरणाने करा. पहिल्याच वाक्यात निसर्गाने माणसाला दुःख आणि सुख या दोन सार्वभौम धन्यांच्या ताब्यात दिले आहे, असे तो सांगतो. दुसऱ्या प्रकरणात त्याचे विरोधक येतात, आणि ते मला पहिल्याहून जास्त मोलाचे वाटते. एखादी गोष्ट मला आवडत नाही म्हणून ती वाईट, असे उघडपणे कोणी म्हणत नाही. मग ‘निसर्गाच्या विरुद्ध’, ‘सदसद्विवेकाला न पटणारे’, ‘कोणाही शहाण्या माणसाला कळेल’ असे भारदस्त शब्द पुढे केले जातात. बेंथम एकेक शब्द उचलून विचारतो: यामागे तुमच्या नावडीखेरीज काय आहे? हे प्रकरण वाचल्यावर आठवडाभर वर्तमानपत्रातले अग्रलेख आणि टीव्हीवरच्या चर्चा त्याच नजरेने पाहा. कोणता मुद्दा कोणाच्या तरी दुःखाशी जाऊन पोचतो आणि कोणता नुसत्या नावडीवर थांबतो, ते वहीत टिपा. बेंथम अंगवळणी पडायला याहून चांगला सराव नाही.

त्यानंतर चौथे प्रकरण, मग तेरावे, आणि सतराव्या प्रकरणातली एक तळटीप. पहिल्या फेरीला एवढे पुरे.

तिसरी पायरी: हिशेब स्वतः कागदावर मांडून पाहा

चौथे प्रकरण जेमतेम काही पानांचे आहे. सुखदुःख मोजताना काय काय पाहायचे याची त्यात यादी आहे: तीव्रता, कालावधी, निश्चिती, समीपता, त्यातून तशाच आणखी सुखदुःखांचा जन्म होतो का, त्यात उलट जातीची भेसळ आहे का, आणि सातवी गोष्ट व्याप्ती, म्हणजे किती जणांपर्यंत ते पोचते. लक्षात राहावे म्हणून बेंथमने पुढे या यादीचे छोटे पद्यही रचले.

या प्रकरणाची थट्टा फार होते. सुखाला कोणी तराजूत घालते का, असे विचारले जाते. पण बेंथमने तिथेच लिहून ठेवले आहे की प्रत्येक निर्णयाआधी ही सगळी मोजणी काटेकोर होईल अशी अपेक्षा नाही; ती डोळ्यांसमोर असावी एवढेच. हे वाक्य सुटू देऊ नका. यादीचे काम आकडा काढून देण्याचे नाही. जे दुःख आपण सोयीने विसरतो ते या यादीमुळे कागदावर येते, हे तिचे खरे काम.

सरावासाठी बेंथमचाच विषय घेऊ. १७९५ साली त्याने कोर्टकचेरीच्या कागदांवर लागणाऱ्या करांविरुद्ध एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कोर्ट फीचा स्टॅम्प आपल्यालाही चांगलाच माहीत आहे, त्यामुळे हा हिशेब परका वाटणार नाही. समजा, एका लहान शेतकऱ्याच्या बांधावर शेजाऱ्याने अतिक्रमण केले आहे आणि त्याला दिवाणी दावा लावायचा आहे. कागदाच्या एका बाजूला फीचे फायदे लिहा: सरकारला उत्पन्न मिळते, आणि खोटे दावे कमी होतात असे म्हणतात. आता दुसऱ्या बाजूला यादीतले एकेक शीर्षक घ्या.

तीव्रता: तेवढीच रक्कम श्रीमंताला जाणवतही नाही, याला मात्र बी-बियाण्याच्या पैशातून काढावी लागते. कालावधी: दावा लावताच आला नाही तर जमीन दर हंगामाला थोडी थोडी जात राहते. निश्चिती आणि समीपता एकत्र पाहा, कारण इथेच अन्याय सर्वांत ठळक दिसतो. फी आज भरायची आहे आणि ती नक्की आहे. न्याय कधीतरी पुढे मिळेल आणि तोही मिळेलच असे नाही. पुढचा प्रश्न, या दुःखातून आणखी दुःख जन्मते का? जन्मते. शेजाऱ्याला कळते की हा कोर्टात जाऊ शकत नाही, आणि बांध आणखी सरकतो. भेसळ पाहायची ती फायद्याच्या बाजूला: जी फी खोट्या दाव्याला अडवते ती खऱ्यालाही अडवते, आणि ज्याच्याकडे पैसा आहे असा खोटा दावेदार तिला भीतच नाही.

व्याप्तीवर मात्र थांबा. इथे बेंथमची बुद्धी पूर्ण तेजात दिसते. कोर्टाचा फायदा कोर्टात जाणाऱ्याला होतो, म्हणून खर्च त्याने द्यावा, हा नेहमीचा युक्तिवाद. बेंथम तो उलटा करतो. कायद्याचा सर्वांत मोठा लाभ ज्यांना कधी कोर्टाची पायरी चढावीच लागत नाही त्यांना मिळतो. त्यांची जमीन, घर, देह कायद्याच्या धाकानेच सुरक्षित असतात. कोर्टात जावे लागते ते ज्याच्यापर्यंत हे संरक्षण पोचले नाही त्याला. म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळाले त्याच्याचकडून आपण वसुली करतो, आणि तीही तो सर्वांत अडचणीत असताना.

हा हिशेब मांडल्यावर महाराष्ट्र शासनाने १९९४ साली पोटगी, मालमत्ता, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ केली, त्या निर्णयाकडे नव्याने पाहा. ती सवलत नेमक्या कोणत्या शीर्षकाखाली बसते ते स्वतः शोधून लिहा. फीच्या बाजूने काही उरते का, तेही प्रामाणिकपणे लिहा. बेंथमच्या पद्धतीत विरुद्ध बाजूचा रकाना रिकामा ठेवायची मुभा नाही.

चौथी पायरी: शिक्षेचे प्रकरण आणि आपले दंडविधान

तेरावे प्रकरण हे माझ्या मते सबंध ग्रंथाचे हृदय आहे. प्रत्येक शिक्षा ही मुळात एक वाईट गोष्ट आहे, असे बेंथम तिथे म्हणतो. कारण तीही वेदनाच देते. तिने याहून मोठे नुकसान टळत असेल तरच ती करायची. मग तो शिक्षा करू नये अशा चार जागा सांगतो: जिथे मुळात कोणाचे नुकसानच झालेले नाही, जिथे शिक्षेने ते टळणार नाही, जिथे शिक्षेचे नुकसान गुन्ह्याहून जड आहे, आणि जिथे साध्या उपायाने काम भागते.

हे चार प्रश्न घेऊन भारतीय दंड संहितेकडे वळा. तिचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली सादर केला, कायदा १८६० साली झाला आणि १८६२पासून अंमल सुरू झाला. सगळे गुन्हे एका जागी, व्याख्येसकट, आणि कलमांखाली उदाहरणे ही रचना बेंथमच्या मागणीच्या कुळातली आहे. चोरीच्या ३७८व्या कलमाखालचे पहिले उदाहरण वाचा: ‘अ’ने ‘य’च्या जमिनीवरचे झाड त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिकपणे नेण्याच्या हेतूने तोडले, तर ते तुटल्याक्षणीच चोरी झाली. कायद्याचा गंध नसलेल्या माणसालाही हे कळते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही उदाहरणांची ही पद्धत कायम आहे.

पण त्याच दंड संहितेत ३७७ वे कलमही होते. समलिंगी संबंधांना शिक्षा का करू नये, यावर बेंथमने १७८५च्या सुमारास एक दीर्घ निबंध लिहून ठेवला होता. संमतीने झालेल्या कृत्यात नुकसान कोणाचे, हा तेराव्या प्रकरणातलाच प्रश्न त्याने तिथे विचारला आणि शिक्षेला आधार सापडत नाही असा निष्कर्ष काढला. तो छापायचे धाडस त्याच्या हयातीत झाले नाही. निबंध पहिल्यांदा प्रसिद्ध झाला १९७८ साली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध या कलमातून वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ला. लेखनाची शिस्त बेंथमच्या वळणाची घेतली आणि त्याचा पहिला प्रश्न मात्र विचारला नाही, तर माणसांचे काय होते ते या दीडशे वर्षांत दिसते. मला हे वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

सतराव्या प्रकरणातली तळटीप याच ठिकाणी वाचून टाका. प्राण्यांविषयी आहे. त्यांना विचार करता येतो का, बोलता येते का हा प्रश्न नाही, त्यांना यातना होतात का हा प्रश्न आहे. व्याप्तीची रेघ माणसापाशी थांबवायला त्याला कारण सापडले नाही, म्हणून त्याने ती थांबवली नाही.

पाचवी पायरी: आता त्या प्रसिद्ध ओळीकडे या, टिळकांना सोबत घेऊन

मराठी वाचकाला एक सोय आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘आधिभौतिक सुखवाद’ नावाचे अख्खे प्रकरण आहे. ज्याने एकूण सुख वाढते ते योग्य, हे बेंथमचे मत म्हणजेच उपयुक्ततावाद. पाश्चात्त्य उपयुक्ततावादाची मराठीतली इतकी भेदक तपासणी क्वचितच सापडेल. त्यातला अक्षौहिणींचा मुद्दा शोधून काढा. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी, पांडवांकडे सात. डोकी मोजूनच न्याय ठरवायचा तर पांडवांची बाजू अन्यायाची ठरेल. आक्षेप बिनतोड आहे आणि त्याला टाळून पुढे जाऊ नये.

त्या ओळीचा इतिहास आता पाहा. १७७६च्या पुस्तकात बेंथमने ती वापरली खरी. पण म्हातारपणी त्याला हीच अडचण दिसली. त्याने उदाहरण घेतले ४,००१ लोकांचे: २,००१ एका बाजूला, २,००० दुसऱ्या बाजूला. बहुसंख्यांनी उरलेल्यांना गुलाम करून त्यांचे सगळे वाटून घेतले, तर एकूण सुख वाढते का? घटते, असे त्याचे उत्तर आहे; लुटल्या गेलेल्यांचे दुःख लुटणाऱ्यांच्या सुखाहून मोठे असते. म्हणून त्याने ‘जास्तीत जास्त लोकांचे’ हे शब्द गाळून नुसते ‘जास्तीत जास्त सुख’ ठेवले. टिळकांचा प्रश्न यामुळे पूर्ण मिटतो असे मला वाटत नाही. कर्त्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही याला महत्त्व देणारे टिळक आणि परिणामांकडे पाहणारा बेंथम यांच्यात खरे अंतर आहे. पण डोकी मोजण्याचा आरोप तरी म्हाताऱ्या बेंथमवर जसाच्या तसा ठेवता येत नाही. दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचा आणि आपले मत लिहा.

नैसर्गिक हक्कांना त्याने ‘काठ्यांवर उभा केलेला मूर्खपणा’ म्हटले, तो उल्लेखही परीक्षेत येतो. त्याच मजकुरातले आणखी एक वाक्य मात्र गाइडमध्ये नसते: भूक म्हणजे भाकरी नव्हे. हक्क असावा असे वाटणे वेगळे आणि हक्क असणे वेगळे. भुकेल्याला जाहीरनामा दाखवून भागत नाही, त्याच्यासाठी अमलात येणारा कायदा लागतो. पटो न पटो, हे गरिबाच्या शत्रूचे बोलणे नाही.

सहावी पायरी: त्याच्या चुका त्याच्याच पद्धतीने तपासा

भक्तिभावाने बेंथम वाचणे म्हणजे त्याला न वाचणे. पॅनॉप्टिकॉन घ्या. वर्तुळाकार तुरुंग, कडेला कोठड्या, मधोमध पहारेकरी, आणि तो कधी पाहतो आहे हे कैद्याला कळू नये अशी योजना. मूळ कल्पना त्याचा भाऊ सॅम्युएल याची. तो रशियात कामगारांवर देखरेख करायला अशी इमारत बांधू पाहत होता. बेंथमने तिथूनच १७८७ साली या कल्पनेवर पत्रे लिहिली, १७९१ साली पुस्तक काढले, पुढची कित्येक वर्षे ब्रिटिश सरकारमागे लागून घालवली आणि १८१३ साली त्याला २३,००० पौंड भरपाई देऊन प्रकरण मिटवले गेले. तुरुंग काही उभा राहिला नाही.

अंदमानच्या सेल्युलर जेलला पॅनॉप्टिकॉन म्हणण्याची पद्धत आहे. तिथे मधला मनोरा आणि सात फाटे होते हे खरे. पण एका फाट्याच्या कोठड्यांची तोंडे शेजारच्या फाट्याच्या पाठीकडे होती. मनोऱ्यावरून व्हरांडे दिसत, कोठडीचा आतला भाग दिसत नसे. बेंथमच्या आराखड्याचा तर सगळा भर कोठडीच्या आत पाहण्यावर होता. त्याने आणखी एक अट घातली होती: तुरुंग लोकांना येऊन पाहण्यासाठी उघडा असावा, म्हणजे पहारेकऱ्यावरही पहारा राहील. समुद्रापार लपवलेल्या तुरुंगात नेमके हेच नव्हते.

मला त्याहून खुपते ती १७९०च्या दशकातली गरिबांसाठीची योजना. देशभर २५० कामगृहे, प्रत्येकात २,००० माणसे, आणि हा कारभार एका खाजगी कंपनीच्या हाती. अन्नाच्या, कपड्यांच्या, झोपण्याच्या जागेच्या तपशिलापर्यंत त्याने सगळे ठरवले होते. त्याचीच यादी काढून ही योजना तपासा. कामगृहात कोंडले जाण्याचे दुःख किती, हे ज्यांना कोंडायचे त्यांना त्याने विचारलेच नाही. कोर्टाच्या दारातून परत जाणारा गरीब ज्याला एवढा स्पष्ट दिसला, त्याला इथे तो फक्त आकडा म्हणून दिसावा, याचे मला वाईट वाटते.

हिंदुस्थानाच्या बाबतीतही दोन्ही बेंथम भेटतात. फ्रान्सला ‘तुमच्या वसाहती मुक्त करा’ असे १७९३ साली बजावणारा तोच. इंग्लंडचे कायदे बंगालला जसेच्या तसे लावता येतील का, यावर निबंध लिहिणाराही तोच. राममोहन रॉय यांना त्याने ‘मानवजातीच्या सेवेतला अत्यंत आदरणीय आणि प्रिय सहकारी’ म्हटले. पण त्याचा शिष्य जेम्स मिल याने हिंदुस्थानात पाऊल न ठेवता १८१७ साली या देशाचा इतिहास लिहिला, आणि ते पुस्तक ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी वाचले. तो इतिहास वाचताना दुसऱ्या प्रकरणातला प्रश्न हाताशी ठेवा: यात पुरावा किती आणि नावड किती?

सातवी पायरी: मग मिल, आणि मग हस्तलिखिते

जेम्सचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल याने १८३८ साली बेंथमवर निबंध लिहिला. मिलची उपयुक्ततावादावरची पुस्तिका घेण्याआधी हा निबंध वाचा. ज्याच्या विचारांवर आपण वाढलो त्याचे मोठेपण आणि अपुरेपण एकाच वेळी कसे सांगावे, याचा तो नमुना आहे. बेंथमला माणसाच्या मनाचे फार थोडे कोपरे ठाऊक होते, ही तक्रार तिथे सापडेल. आपल्याकडे आगरकरांवर ज्या मिलचा खोल ठसा उमटला तो हाच, त्यामुळे ‘सुधारका’तले लेख वाचलेल्यांना इथला युक्तिवाद करण्याचा ढंग ओळखीचा वाटेल.

इथवर आलेल्या वाचकाला पुढे करण्यासारखे एक खरे काम आहे. बेंथम ६ जून १८३२ला वारला. मागे हस्तलिखितांचे डोंगर राहिले. त्यांतली सुमारे ६०,००० पाने युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनकडे आहेत. तिथल्या ‘बेंथम प्रोजेक्ट’ने २०१०मध्ये ‘ट्रान्स्क्राइब बेंथम’ नावाचा उपक्रम सुरू केला. पानांची छायाचित्रे पडद्यावर उघडायची आणि अक्षर लावून मजकूर टंकायचा. जगभरातल्या स्वयंसेवकांनी हजारो पाने अशी उतरवली आहेत आणि कायदा किंवा तत्त्वज्ञान शिकलेले असण्याची अट नाही. मोडी वाचणाऱ्यांना हा सराव सोपा जाईल: सुटे अक्षर ओळखत बसण्यापेक्षा आधी पूर्ण ओळ नजरेखालून घालायची, ओळखीचे शब्द धरायचे आणि गाळलेल्या जागा मागून भरायच्या. सुरुवात १७७०–८०च्या दशकांतल्या पानांनी करा. उतारवयात त्याचे अक्षर फार बिघडले आहे, खाडाखोड आणि समासातली भर एकमेकांवर चढलेली असते. विषय मात्र आपल्या आवडीचा निवडा: शिक्षा, पुरावा, गरिबांचे प्रश्न, संसदेच्या निवडणुका, काहीही.